आधी कारण, मग सुई : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



हे पत्र जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांबद्दल आहे. डॉक्टरांची रिकामी पदे, साथीचे ताप, अपुऱ्या खाटा असे प्रश्न समोर असताना थकलेल्या माणसाला गोळी द्यावी की सुई टोचावी, हा विषय मंत्र्यांच्या दारी कशाला न्यायचा, असे कुणी विचारील. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना हा प्रश्न रोज समोर येतो, आणि राज्यात तो बहुतेक वेळा उलटा सोडवला जाताना दिसतो, म्हणून मी तो आपल्यापुढे आणतो आहे. ज्यांचे गोळीने भागले असते त्यांना सुई मिळते, आणि ज्यांचे सुईवाचून भागणार नाही त्यांच्यापर्यंत ती उशिरा पोहोचते. दोन्हीकडे नुकसान गरिबाचे होते. ते टाळता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी लागणारे बरेचसे अधिकार आपल्या खात्याकडे आहेत.

बाजारच्या दिवशी कोणत्याही खासगी दवाखान्यात बसलेली माणसे साधारण एकच गाऱ्हाणे सांगतात. थकवा जात नाही, पिंढऱ्या वळतात, हातापायांना मुंग्या येतात, जेवणावर वासना नाही. पुढचे वाक्यही ठरलेले असते : ‘‘डॉक्टर, एक ताकदीचं इंजेक्शन द्या,’’ किंवा ‘‘सलाईनच लावा, म्हणजे उद्या कामावर जाता येईल.’’ मग सलाईनच्या बाटलीत जीवनसत्त्वांचे एक अँप्युल मिसळले जाते, पाणी पिवळेधमक होते आणि थेंब थेंब शिरेत जाऊ लागते. कुठे पिवळ्याऐवजी लाल इंजेक्शन कमरेत दिले जाते. रक्त न तपासता, आहार न विचारता, कमतरता कशाची आहे हे न ठरवता हे सगळे उरकते.

त्या बाटलीत काय असते, हे रुग्णाला कुणी सांगत नाही. पिवळा रंग बी-२ या जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. लाल रंग बी-१२चा, कारण त्याच्या रेणूत कोबाल्ट असतो. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, साधारण पाच चहाचे चमचे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळी होते ती गरजेपेक्षा जास्त गेलेले रायबोफ्लेविन शरीर बाहेर टाकते म्हणून. तासभर आडवे पडणे, कुणीतरी लक्ष देणे आणि शरीरात थोडे पाणी जाणे, यामुळे बरे वाटते हेही खरे आहे. त्या बरे वाटण्याची मी हेटाळणी करत नाही. पण त्यासाठी एका मजुराची दिवसाची कमाई जाते आणि मूळ कमतरता पंधरा दिवसांत पुन्हा तोंड वर काढते.

कमतरता नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती आहे आणि खोलवर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, शहरी झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या ३१ टक्के किशोरवयीन मुलामुलींमध्ये बी-१२ची कमतरता दिसली. म्हणजे मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाला खरोखरच काहीतरी कमी पडत असण्याची शक्यता मोठी आहे. प्रश्न एवढाच, की ते का कमी पडते आणि कोणत्या वाटेने भरून काढावे.

बी-१२ वनस्पतींमध्ये नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. आपल्याकडे कितीतरी घरांत अंडे-मटण खाल्ले जात नाही, आणि खाणाऱ्यांच्या घरीही ते सणासुदीला किंवा रविवारी शिजते. दूध डेअरीला जाते, घरात चहापुरते उरते. ही कमतरता ताटातली आहे. पोट आणि आतडे धड असते, फक्त त्यांच्यापर्यंत बी-१२ पोहोचत नाही. अशा माणसाला रोज लागणारे बी-१२ दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकेच असते, आणि ते तोंडाने दिले तर शरीर ते नीट घेते. हेही पुण्यातच तपासून पाहिले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ३०० जणांपैकी काहींना वर्षभर रोज २ मायक्रोग्रॅम, काहींना १० मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडाने देण्यात आले. बी-१२च्या अभावी रक्तात वाढणारे होमोसिस्टीन दोन्ही मात्रांनी खाली आले.

आपल्या राज्याचा या विषयाशी असलेला संबंध याहून जुना आहे, आणि तो आरोग्य खात्याने अभिमानाने सांगावा असा आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा जीवघेणा पंडुरोग होत असे, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी त्यांचा आहार पाहिला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी या बायांना यीस्टचा स्वस्त अर्क खाऊ घातला. तो पंडुरोग बरा होऊ लागला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले औषध म्हणजे ज्याला आज आपण फॉलिक अ‍ॅसिड म्हणतो ते. पुढच्या कामात त्यांना असेही दिसले की वेगळ्या प्रकारच्या पंडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क या आजारावर चालत नाही. नेमकी उणीव कशाची, हे कळल्याशिवाय भारी औषधही वाया जाते, हा धडा मुंबईच्या गिरणगावातून जगाला मिळाला. आज त्याच मुंबईच्या राज्यात सगळ्या जीवनसत्त्वांचे मिश्रण शिरेत सोडून उणीव शोधण्याचे काम टाळले जाते.

यावर माझेच व्यवसायबंधू म्हणतात, ‘‘गोळीतलं अंगाला लागत नाही, इंजेक्शन शंभर टक्के रक्तात जातं.’’ या म्हणण्याला बी-१२च्या बाबतीत एक खरा आधार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. जठरात तयार होणारे एक प्रथिन बी-१२ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेते आणि तिथे ते शोषले जाते. काही रुग्णांत हे प्रथिनच तयार होत नाही. पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणतात तो हाच. पण या सोबत्याशिवायही मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का भाग आतड्यातून थेट आत झिरपतो. हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर सोबतीशिवाय दहा मायक्रोग्रॅम आत जाते, म्हणजे रोजच्या गरजेच्या चौपट.

हे नुसते गणित नाही. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकापासून पर्निशियस अ‍ॅनिमियाच्या रुग्णांना मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या गेल्या आहेत. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या ३८ रुग्णांपैकी काहींना रोज २००० मायक्रोग्रॅमची गोळी आणि काहींना ठरावीक अंतराने इंजेक्शने दिली. रक्तात आणि मज्जातंतूंत दोन्ही गटांत सुधारणा झाली, आणि चार महिन्यांनी रक्तातली बी-१२ची पातळी गोळीच्या गटात अधिक होती. संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात अशा तीनच चाचण्या, १५३ रुग्णांच्या, निकषांत बसल्या. पुरावा अजून थोडा आहे आणि त्याचा दर्जा फार वरचा नाही, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. पण त्याची दिशा स्पष्ट आहे. आणि हे पुरावे मुळात शोषणाचीच अडचण असलेल्या रुग्णांतलेही आहेत. ज्यांची अडचण फक्त ताटातली आहे, त्यांच्यासाठी गोळीचा पक्ष याहून कितीतरी भक्कम आहे.

‘रुग्णच इंजेक्शन मागतात’ हे दुसरे उत्तर मी रोज ऐकतो. माद्रिदच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पासष्ट वर्षांवरच्या २८३ रुग्णांवर झालेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. दोन्ही वाटा समजावून सांगितल्यावर बहुसंख्यांनी गोळी पसंत केली. आपले लोक वेगळे नाहीत. त्यांना पाच मिनिटे देऊन कुणी सांगितलेले नाही, एवढाच फरक आहे. आणि पाच मिनिटे दिली जात नाहीत याचे कारण आपल्याला ठाऊक असेल. तपासण्याचे आणि ऐकून घेण्याचे पैसे द्यायला माणूस कचरतो. सुई टोचली, बाटली लटकली की पैसे वसूल झाल्यासारखे त्याला वाटते. खासगी डॉक्टरचे भाडे, कंपाउंडरचा पगार यांचा हिशोब त्या सुईवर बसतो. यात एखाद्या डॉक्टरला खलनायक ठरवून काही बदलणार नाही. सरकारी केंद्रात सांगणारा माणूस आणि योग्य गोळी दोन्ही फुकट मिळाली तरच ही साखळी तुटेल.

अ जीवनसत्त्वाचा इतिहास तर आपल्या खात्याच्या कपाटातच आहे. डोळ्यांच्या कोरडेपणामुळे आंधळी होणारी मुले वाचवण्यासाठी एके काळी पाण्यात मिसळणाऱ्या अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे असा सल्ला होता. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियात तोंडाने दिलेली मात्रा आणि इंजेक्शन यांची तुलना केली. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की तोंडाने दिलेले औषध तितकेच काम करते. आपल्या अंगणवाड्यांत आणि उपकेंद्रांत बाळाला नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, अशी पाचव्या वर्षापर्यंत नऊ वेळा अ जीवनसत्त्वाची मात्रा दिली जाते. ती चमच्याने दिली जाते. सुई नाही, निर्जंतुक सिरिंजची काळजी नाही, रडारड नाही. वर्षानुवर्षे आशाताई आणि परिचारिका हे काम करत आल्या आहेत. जीवनसत्त्व तोंडाने दिले तर ते ‘कमी प्रतीचे’ असते, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

ड जीवनसत्त्वात धोका उलट्या बाजूने येतो. तपासणीत ते कमी निघाले की साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. त्याऐवजी ‘एकदाच घेऊन टाका’ म्हणून सहा लाख युनिटचे इंजेक्शन कमरेत दिले जाते. म्हणजे दहा आठवड्यांची मात्रा एका झटक्यात. तेलातले हे इंजेक्शन स्नायूतून सावकाश आणि कमी-अधिक वेगाने रक्तात उतरते. महिनाभरात पातळी वाढली नाही म्हणून दुसरे, मग तिसरे दिले गेले की ड जीवनसत्त्व शरीरात साठत जाते, कारण ते चरबीत विरघळणारे आहे, लघवीवाटे सहज निघून जात नाही. मग रक्तातले कॅल्शियम वाढते. तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम आणि शेवटी मूत्रपिंडांना इजा. ऑस्ट्रेलियात सत्तरीवरच्या २२५६ स्त्रियांवर झालेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा पाच लाख युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रियांत पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढले. ती मात्रा तोंडानेच दिली होती, हेही सांगायला हवे. वाट कोणतीही असो, वर्षाचे औषध एका दिवसात शरीरावर लादणे हिताचे नाही. इंजेक्शनाची सवय मात्र नेमकी तिकडेच नेते.

सुईचे स्वतःचेही धोके आहेत. चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शनाने पायाची मुख्य नस दुखावून पाऊल लुळे पडते. गळू होते. शिरेतून दिलेल्या बी-१ने, क्वचित का होईना, जीव धोक्यात घालणारी अ‍ॅलर्जी उठते, आणि ती सांभाळायला लागणारे साधन छोट्या दवाखान्यात नसते. सगळ्यात भयंकर म्हणजे पुन्हा वापरलेली सुई. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात हेपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. तपास पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांपाशी पोहोचला. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात गावोगाव फिरून इंजेक्शने देणाऱ्या एका भोंदूकडून एचआयव्ही पसरल्याचे उघड झाले. भोंदू डॉक्टरचे दुकान चालते ते सुईच्या मागणीवर. ती मागणी कमी करणे हा त्यांच्यावर छापे घालण्याइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

आता पत्राची दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. काही माणसांना इंजेक्शनच हवे, लगेच हवे, आणि त्यात कसूर झाली तर ती आयुष्यभर भोगतात. नवजात बाळाला जन्मताच के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, कारण त्याच्या शरीरात ते फार कमी असते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे आपल्या प्रसूतिगृहांत होते आणि झालेच पाहिजे. दारूच्या आहारी गेलेला माणूस गोंधळलेला, डोळे नीट हलत नाहीत, चालताना तोल जातो अशा अवस्थेत आला, तर त्याला शिरेतून बी-१ हवे, आणि तेही नुसते ग्लुकोज चढवण्याआधी. बी-१शिवाय ग्लुकोज दिले तर मेंदूची इजा वाढू शकते. गरोदरपणात उलट्यांनी ज्या बाईच्या पोटात आठवडेच्या आठवडे काही ठरत नाही, तिलाही हाच धोका असतो. एका गावात विनाकारण लटकणारी पिवळी बाटली आणि दुसऱ्या गावात वेळेवर न मिळालेले बी-१, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यात घडू शकतात.

बी-१२च्या बाबतीतही तसेच. ज्याच्या मज्जारज्जूपर्यंत इजा पोहोचली आहे, अंधारात चालताना ज्याचा तोल जातो, जठर किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेने काढलेला आहे, ज्याला पर्निशियस अ‍ॅनिमिया आहे, त्याची सुरुवात इंजेक्शनानेच व्हावी आणि अनेकांना ते आयुष्यभर लागते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्च २०२४ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूचना हाच भेद करते : आहारातली कमतरता असेल तर तोंडाने, शोषणाचे यंत्रच बिघडले असेल तर इंजेक्शन. आपल्याकडे आणखी एक रुग्ण आहे, जो फार लहान आहे. आईच्या शरीरात बी-१२ नाही म्हणून अंगावर पिणारे बाळ सहा-आठ महिन्यांत मंदावते, हसणे विसरते, बसायला लागलेले पुन्हा कलंडते, कातडी काळवंडते, हात थरथरू लागतात. त्याला वेळेत इंजेक्शन मिळाले तर ते सुधारते. उशीर झाला तर मेंदूची वाढ मागे राहू शकते. त्या बाळासाठी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बी-१२चे इंजेक्शन असलेच पाहिजे, आणि हा आजार ओळखणारा डॉक्टरही.

मधुमेहींचाही विचार व्हावा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२चे शोषण कमी होते. आम्लपित्तासाठी दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही ते घटते. मुंग्या आल्या की ‘साखर वाढली’ म्हणून त्यांचा विषय तिथेच मिटतो. आपल्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात लाखो लोकांना मेटफॉर्मिन मिळते. त्यांच्या बी-१२कडे कुणी पाहायचे, हे कागदावर लिहिलेले असायला हवे.

एक गोष्ट गोळ्यांबद्दलही. मल्टिव्हिटॅमिनची गोळी म्हणजे सगळ्यांचे थोडे थोडे. निदान झालेली कमतरता तिने भरून निघेलच असे नाही. बी-१२ खूप कमी असेल तर त्याचीच पुरेशी मात्रा, लोह कमी असेल तर लोहच हवे. नसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत शंभर मिलिग्रॅम बी-६ असते. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास आहे, आणि मोठी मात्रा फार काळ चालू ठेवली तर तेच बी-६ नसांना इजा करते, हातापायांना मुंग्या आणते. म्हणून माझा आग्रह सुईविरुद्ध गोळी असा नाही. कमतरता कशाची आणि कशामुळे, हे आधी ठरले पाहिजे. औषध, मात्रा आणि वाट त्यातून ठरते. आणि हे वाचून कुणी चालू असलेले इंजेक्शन परस्पर थांबवू नये. डॉक्टरला कारण विचारावे.

या सगळ्यावरून माझ्या पाच मागण्या आहेत.

पहिली : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ‘आपला दवाखाना’त बी-१२ची साधी गोळी मोफत आणि अखंड मिळावी. औषधखरेदीसाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण उभे केले आहे. त्याच्या यादीत ही गोळी प्राधान्याने असावी.

दुसरी : बी-१२ आणि बी-१ची इंजेक्शने ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत कधीही संपू नयेत. ज्यांना ती आयुष्यभर लागतात अशा रुग्णांची नोंद गावपातळीवर असावी, आणि घराजवळच्या उपकेंद्रात प्रशिक्षित परिचारिकेकडून ती त्यांना मिळावीत. इंजेक्शनासाठी जिल्ह्याच्या गावी खेपा घालायला लागल्या की उपचार सुटतो.

तिसरी : एक पानाची मराठी उपचारपद्धती काढावी. कोणती लक्षणे दिसली तर लगेच इंजेक्शन, कुणाला गोळी, कुणाची तपासणी, मेटफॉर्मिन घेणाऱ्याकडे कधी पाहायचे, बाळात काय ओळखायचे. ती प्रत्येक सरकारी केंद्रातल्या भिंतीवर असावी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेमार्फत खासगी डॉक्टरांपर्यंत जावी. आशाताईंच्या प्रशिक्षणात तिचा समावेश व्हावा. सहा लाख युनिटच्या ड जीवनसत्त्वाबद्दल तीत स्पष्ट इशारा असावा, आणि अन्न व औषध प्रशासन सांभाळणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांशी बोलून चिठ्ठीशिवाय होणारी त्याची विक्री रोखावी.

चौथी : गरोदर स्त्रियांना आणि किशोरींना आपण लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतो. साठ मिलिग्रॅम लोह, पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. त्यात बी-१२ नाही. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड दिले तर पंडुरोग सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांची इजा आतून चालू राहू शकते. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांच्या अभ्यासात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणी फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. पुढे मधुमेहाकडे जाणारी ती वाट आहे. गोळीतले घटक केंद्र सरकार ठरवते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या राज्यातून हा पुरावा पुढे आला, त्या राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा आणि निदान एका जिल्ह्यात बी-१२सह गोळी देऊन परिणाम मोजावेत. पोषणयुक्त तांदळात बी-१२ घातलेले असते, पण किलोमागे साधारण एक मायक्रोग्रॅम. तेवढ्यावर गरोदर बाईची गरज भागत नाही.

पाचवी : शाळेच्या आणि अंगणवाडीच्या ताटात अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांसाठी दूध किंवा दही, हे कधी चालू, कधी बंद असे राहू नये. तो निर्णय दुसऱ्या खात्यांचा आहे. पण कमतरतेचे सगळे ओझे शेवटी आपल्या दवाखान्यांवर येते, म्हणून मंत्रिमंडळात त्यासाठी आरोग्यमंत्र्यांनी बोलले पाहिजे.

यातल्या कोणत्याही मागणीसाठी नवे रुग्णालय बांधायचे नाही की परदेशातून यंत्र आणायचे नाही. बी-१२ची गोळी स्वस्त आहे, आशाताई गावात आहेत, पुण्याचे संशोधन आपल्याच हाताशी आहे. लागते ते एक लेखी धोरण, औषधाचा न तुटणारा पुरवठा आणि रुग्णाला पाच मिनिटे देणारी सरकारी व्यवस्था. आपल्याला कमी काय आहे आणि ते का कमी आहे, हे कळण्याचा हक्क दवाखान्यात आलेल्या प्रत्येक थकलेल्या माणसाला आहे. येत्या अधिवेशनात आपण या पाच मागण्यांवर खात्याची भूमिका मांडावी आणि उपचारपद्धतीचे परिपत्रक काढण्याची तारीख जाहीर करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा एक डॉक्टर